थांबलेल्या यंत्राची चिकित्सा

दाभोळ म्हटलें कीं इतिहासप्रेमी माणसाला बहामनी काळांतलें भरभराटीचें बंदर आठवतें, १५०८ सालच्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेदानें तें जाळलें तो प्रसंग आठवतो. परंतु वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांच्या कानांत हें नांव बसलें तें एका वीजकेंद्रामुळें. आणि गंमत अशी कीं तें केंद्र दाभोळांत नाहींच. वाशिष्ठीच्या मुखाशीं उत्तर तीरावर दाभोळ, दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यांत, अंजनवेल. केंद्र त्या तीरावर. १९९९ सालच्या मे महिन्यांत त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला, आणि दोनच वर्षांनीं, २००१ च्या मे महिन्यांत, तीं प्रचंड यंत्रें थांबलीं. तंटा होता विजेच्या दराचा व बिलांचा. २००६ सालीं, मालकी बदलल्यावर, केंद्र पुन्हां सुरू झालें. यंत्र थांबलें म्हणजे कारण यंत्राच्या पोटांतच असलें पाहिजे ही समजूत किती अपुरी आहे, हें पाहण्यास दाभोळकरांना त्या पांच वर्षांत खाडीपलीकडे नजर टाकणें पुरेसें होतें.

घरांतल्या संगणकाच्या बाबतींत हीच समजूत रोज आड येते. काम ऐन रंगांत असतां पडद्यावरील चित्र जागच्या जागीं थिजतें, बाण हलत नाहीं, कोपऱ्यांतलें घड्याळ थांबतें. लोकभाषेंत ह्याला संगणक ‘हँग झाला’ म्हणतात. मग घरांतला एक जण बटन दाबून धरतो, दुसरा पेटीवर चापट मारतो, आणि चार दिवसांनीं तेंच पुन्हां घडलें म्हणजे नवा घेण्याचा सल्ला मिळतो. त्या पेटींत मुलांचे परीक्षांचे कागद असतात, जमिनीच्या दाव्याच्या नकला असतात, गेलेल्या माणसांचीं छायाचित्रें असतात. पेटी विकत मिळते. तीं मिळत नाहींत. म्हणून ह्या रोगाचें निदान करण्याची रीत माणसाला कशी सांपडत गेली, तो इतिहास घरोघर ठाऊक असण्यासारखा आहे.

आरंभींच्या संगणकांचा मोठा शत्रु उष्णता. १९४६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें लोकांपुढें आलेल्या एनिॲक ह्या यंत्रांत, जुन्या रेडिओंत असत तसे, सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते. एक जळला तरी उत्तर बिघडे. चालकांच्या ध्यानांत आलें कीं व्हॉल्व्ह बहुधा जातात ते यंत्र सुरू किंवा बंद करतांना, म्हणजे तापण्याच्या व निवण्याच्या वेळीं. तेव्हां त्यांनीं शक्य तोंवर यंत्र बंद करणेंच सोडून दिलें. दोष कोठें आहे हें कळण्यापूर्वीं तो केव्हां होतो हें त्यांनीं पाहिलें, आणि पुढील सर्व चिकित्सेचा पाया तेथें पडला. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क दोन ह्या यंत्राच्या एका रिलेंत पतंग अडकलेला सांपडला; तो काढून नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. यंत्राच्या दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची चाल मात्र त्याहून जुनी. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रांतही ती दिसते. कोंकणांतल्या पेट्यांत पतंगाच्या जोडीला मुंग्या आणि पालीही निघतात. नोंदवही तेवढी कोणी ठेवीत नाहीं.

आपल्याकडे ही विद्या परदेशच्या पुस्तकांवरच राहिली नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं आधीं एक लहान प्रायोगिक यंत्र १९५६ पर्यंत उभें केलें, आणि १९६० च्या फेब्रुवारींत पूर्ण आकाराचा संगणक चालू केला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याला ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. सुमारें २,७०० व्हॉल्व्ह आणि २,०४८ शब्दांची स्मृति, एवढा त्याचा संसार. आजच्या स्वस्त मोबाइलपुढें कांहींच नव्हे. पण ज्यांनीं तो जोडला त्यांना त्याची प्रत्येक तार ठाऊक होती. घरच्या संगणकाच्या धन्याला हें भाग्य लाभत नाहीं. त्याला बंद पेटी मिळते, आणि बाहेरील लक्षणांवरूनच तर्क करावा लागतो.

लक्षणें मात्र भरपूर असतात. चित्र थिजल्यावर कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर बहुधा यंत्राचा गाभा जिवंत असून एखादें काम अडून बसलेलें असतें. अशा वेळीं दहा मिनिटें वाट पाहणें हाच उपाय. दिवाही निश्चल असेल तर सारेंच थांबलें आहे. चालू केल्यापासून अर्ध्या तासानें, आणि वैशाखांत अधिक, असें होत असेल तर उष्णता. पंख्यावरील धूळ झाडली कीं पुष्कळदां काम भागतें. एखादी ठराविक फाइल उघडतांनाच होत असेल तर हार्ड डिस्क संशयित. आणि कोणताच नियम दिसत नसेल तर स्मृति किंवा विजेचा पुरवठा.

ह्यांपैकीं स्मृतीचा इतिहास विशेष मनोरंजक आहे. रिचर्ड हॅमिंग हे अमेरिकेंतल्या बेल प्रयोगशाळेंतील गणिती. आठवड्याच्या अखेरीस ते आपलें गणित यंत्रावर सोंपवून घरीं जात. मध्यें चूक आढळली कीं यंत्र तें गणित टाकून पुढचें घेई, आणि सोमवारीं हॅमिंगच्या हातीं कांहीं येत नसे. असें लागोपाठ दोनदां घडल्यावर त्यांनीं विचार केला कीं चूक झाली एवढें यंत्राला कळतें, तर ती कोठें झाली हें त्याला कां कळूं नये? त्यांतून निघालेली चुका दुरुस्त करणाऱ्या अंकांची पद्धति त्यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केली. मोठ्या कचेऱ्यांच्या संगणकांत अशी स्वतःची चूक सुधारणारी स्मृति असते; घरगुती संगणकांत बहुधा नसते, कारण ती महाग पडते. म्हणून घरीं रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एक काढून दुसरीवर आठ दिवस चालवावें, मग अदलाबदल करावी. दोन्ही एकदम बदलणारा बरा करील कदाचित्, पण कारण त्याला कधींच कळणार नाहीं.

कधीं दोष कोणत्याही वस्तूंत नसून निव्वळ मोजणींत असतो. विंडोज ९५ मध्यें यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक गणक होता. त्याची मर्यादा ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे सुमारें ४९ दिवस १७ तास. तेवढा काळ अखंड चाललें कीं यंत्र थिजे. १९९५ सालीं बाजारांत आलेल्या प्रणालींतला हा दोष १९९९ सालीं उघडकीस आला, कारण इतके दिवस अखंड चालणारीं यंत्रेंच विरळा. कोंकणांत तर, पावसाळ्यांतली वीज लक्षांत घेतां, तो दोष सांपडण्याचा संभवच नव्हता.

ह्याउलट १९९९ ते २००७ च्या सुमाराचा रोग डोळ्यांना दिसणारा होता. त्या काळांतील अनेक मदरबोर्डांवरच्या कपॅसिटरांत सदोष द्रव भरला गेला. आंत वायु साठून त्यांचीं सपाट डोकीं फुगलीं, कांहीं फुटलीं, आणि जगभर संगणक थिजूं लागले. कित्येक घरांत चांगले प्रोसेसर ह्यापायीं भंगारांत गेले. डाग देणारा कारागीर थोड्या पैशांत तीं नळकांडीं बदलून देऊं शकला असता. जुनी पेटी टाकण्यापूर्वीं, वायर भिंतींतून काढून, एकदां झांकण उघडून पाहावें तें ह्यासाठीं.

दाभोळसारख्या गांवीं मात्र ह्या सर्वांच्या आधीं हवेचा विचार करावा लागतो. दापोली तालुक्यांत वर्षाकांठीं साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खाडीवरचा वारा खारा. रॅमच्या पट्ट्या जेथें बसतात तेथें ह्या ओलाव्यानें मळ धरतो, स्पर्श सुटतो, आणि यंत्र मधूनच थिजतें. पट्टी काढून, तिचीं टोंकें साध्या खोडरबरानें हळूच घांसून पुन्हां बसविली कीं तें चालूं लागतें. वरकरणीं जादू, वस्तुतः हा समुद्राचा दोष.

मुंबईस राहणाऱ्यांचीं येथलीं घरें ज्येष्ठांत कुलूपबंद होतात आणि गणपतीला उघडतात. मधले तीन महिने पेटी ओल पीत असते. चाकरमानी रात्रीच्या गाडीनें येतात, आणि मखर लागण्यापूर्वीं मुलें संगणकाचें बटन दाबतात. त्या दिवशीं तें दाबूं नये. पेटी पुसून, झांकण काढून, वारा खेळेल अशा जागीं दोन दिवस ठेवावी. मग चालू करावी, आणि चालू होतांच प्रथम छायाचित्रांची व कागदांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. कोठें काय बिघडलें आहे हें शोधण्यास नंतर दिड दिवसाच्या गणपतीपासून अनंतचतुर्दशीपर्यंत वेळ असतो.