घराबाहेरची भट्टी : मराठी समाजातील कडक पावाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

कडक कवचाचा फ्रेंच पाव घरी भाजण्याची आवड अलीकडे महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात रुजताना दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये युनेस्कोने फ्रान्समधील बॅगेट पावाच्या कारागिरीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या पावाला गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच लागते. असे असूनही, पाव पश्चिम किनाऱ्यावर येऊन चार शतकांहून अधिक काळ लोटला तरी तो मराठी घरात भाजला गेला नाही. यामागे साधनांचा अभाव होताच. परंतु 'भाजणारा कोण' हा शुचितेचा प्रश्न तितकाच निर्णायक होता, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

चूल आणि भट्टी

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले तिकोणा पेठ हे पवन मावळातील गाव भातशेतीच्या पट्ट्यात येते. अशा गावांची परंपरागत भाकरी तांदळाची वा नाचणीची. या पिठांत ग्लुटेन नसते. त्यामुळे आंबताना निर्माण होणारा वायू कोंडून धरणारी चिवट जाळी त्यांत तयार होत नाही. दुसरी अडचण उष्णतेची होती. तव्याची आच खालून लागते. पावाला ती चहूबाजूंनी, तीही २२० अंश सेल्सिअसच्या वर लागते. शिवाय प्रारंभी भट्टीत वाफ असावी लागते. वाफेमुळे पृष्ठभाग उशिरा घट्ट होतो, पाव पूर्ण फुगतो आणि नंतर त्यावर पातळ, कुरकुरीत कवच धरते. घुमटाकार बंद भट्टीत हे सारे साधते, चुलीवर नाही. मात्र आंबवण्याची क्रिया मराठी स्वयंपाकघराला अपरिचित नव्हती. आंबील आणि आंबोळी हे तिचेच पुरावे होत. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. ती धान्याची आणि भट्टीची होती.

पोर्तुगीज वारसा

'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. त्यांच्याबरोबर गव्हाचा भाजलेला पाव आला. यीस्टच्या जागी स्थानिक भट्टीवाल्यांनी माडाची सुर वापरली. गोव्यातील पोदेर आजही ओळखला जातो आणि त्याचा कडक कवचाचा उंडो हा फ्रेंच पावाचा येथील सर्वांत जवळचा नातलग म्हणता येईल. परंतु या पावाबरोबर धर्मांतराची भीतीही आली. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा गोवा आणि वसईच्या लोकस्मृतीत टिकून आहेत. या कथांची ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवली, तरी पाव हा केवळ खाद्यपदार्थ न राहता बाटण्याची खूण ठरला होता, एवढे त्यांवरून निश्चित होते.

सुधारकांची कसोटी

एकोणिसाव्या शतकात याच खुणेचा उपयोग सुधारकांनी उलट अर्थाने केला. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आदींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना सभासदास ख्रिस्ती व्यक्तीने भाजलेला पाव खावा लागे. जातिभेद मोडल्याची ती साक्ष होती. मात्र हा विधी गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली आणि सभा विस्कटली. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचे प्रकरणही याच स्वरूपाचे होते. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनाही चहा-बिस्किटांपायी ग्रामण्याला सामोरे जावे लागले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. अशा समाजात घरी पाव भाजण्याचा प्रश्न फारसा उद्भवणेच शक्य नव्हते.

बेकरीपासून घरापर्यंत

विसाव्या शतकात शहरीकरणाने हा निर्बंध सैल केला. गोवेकर ख्रिस्ती, इराणी आणि मुसलमान भट्टीवाल्यांचा पाव मुंबई-पुण्याच्या कष्टकऱ्यांचे रोजचे अन्न झाला. इराण्याच्या हॉटेलातील ब्रून मस्का आणि पुढे वडापाव यांनी त्याला मराठी चव दिली. याच काळातील एक प्रथा विशेष बोलकी आहे. अनेक मराठी घरांतून नानकटाईचे पीठ घरी मळून, डब्यात भरून जवळच्या बेकरीत भाजायला नेले जाई. साहित्य आणि हात घरचे, भट्टी परक्याची, अशी ही तडजोड होती. शुचितेची जुनी रेषा पुसली गेली नाही, पण ती मागे सरकली.

पुढे विजेची ओव्हन घरोघरी आली. बिडाच्या झाकणाच्या भांड्यात पाव स्वतःचीच वाफ कोंडून घेतो आणि भट्टीचे काम घरच्या ओव्हनमध्ये साधते. २००६ मध्ये अमेरिकी बेकर जिम लेही यांची न मळता पाव करण्याची पद्धत प्रसिद्ध झाल्यावर ही युक्ती जगभर पोहोचली. तांत्रिक अडसर अशा रीतीने दूर झाला.

निष्कर्ष

जे घर पावाला शिवत नव्हते, तेच आज तो हौसेने भाजते. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु घरच्या पावाला 'शुद्ध' आणि बेकरीच्या पावाला 'अस्वच्छ' म्हणण्याची सवय वाढत असेल, तर स्वच्छतेच्या भाषेत जुनीच शुचिता परतत नाही ना, हे तपासले पाहिजे. दुसरीकडे, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. त्यामागील प्रदूषणाचे कारण रास्तच आहे. मात्र त्यामुळे भट्टीवाल्यांच्या कौशल्याची नोंद करण्याची निकड वाढली आहे. त्यांच्या हातच्या ज्या पावासाठी एकेकाळी बहिष्काराचा धोका पत्करावा लागला, तो पाव मराठी सामाजिक इतिहासाचे एक साधन आहे. पाककृतींच्या वह्यांबरोबर भट्टीवाल्यांच्या मौखिक आठवणीही संकलित झाल्या, तरच हा इतिहास पूर्ण होईल.