कूतचे मराठे युद्धकैदी

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते. डाळज व इंदापूर-बारामतीच्या आपल्या ज्ञातिबांधवांस ते परके वाटू नये. तिच्या तिन्ही ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती: १०३, ११० व ११७.

टेसिफोनच्या लढाईनंतर ही सेना तैग्रिस नदीकाठच्या कूत गावी परतली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अखेरीस थोडेसे पीठ व घोड्याचे मांस एवढेच अन्न उरले. धर्मामुळे अनेक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ शिवले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड शरण गेले व सुमारे १३,००० माणसे कैद झाली.

वेढ्याची कथा पुष्कळांनी लिहिली. कैदेची फार थोड्यांनी. उपासाने खंगलेल्या त्या शिपायांस ऐन उन्हाळ्यात बगदाद, मोसुलवरून रास-अल-ऐनपर्यंत वाळवंटातून चालविले. जो मागे पडला तो तेथेच राहिला. पुढे हिंदी कैद्यांस बगदाद रेल्वेच्या कामास जुंपले. सुमारे ९,३०० हिंदी शिपायांपैकी २,५०० च्या आसपास मृत झाले वा बेपत्ता राहिले. सेनापतींची कैद मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सुखाची गेली, हे नमूद केल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

अनातोलियात पुरलेल्या कैद्यांची थडगी युद्धानंतर बगदादच्या उत्तर दरवाजाच्या दफनभूमीत आणली गेली. मेसोपोटेमियात पडलेल्या, पण थडगे ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांसाठी १९२९ साली बसऱ्यास स्मारक उभे राहिले. १९९७ साली ते तेथून नासिरियाच्या रस्त्यावर हलविण्यात आले. त्या भिंतीवर गोऱ्या शिपायाचे नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार केवळ आकडा आहे. दगड कमी पडला म्हणून हे झाले नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला.

आयोगाच्या नोंदींत आता शिपायांची नावे पाहावयास मिळतात. पुष्कळ ठिकाणी पित्याचे नाव, गाव व तालुकाही असतो. इंग्रजी लिपीत गावांची नावे इतकी मोडली आहेत की ती इकडच्या माणसानेच ओळखावी. ज्यांच्या घरी वरील तीन आकड्यांपैकी एखादा असलेले पदक, पेन्शनचा कागद वा पत्र असेल, त्यांनी ते त्या नोंदींशी ताडून पाहावे.