गिळलेला जंतू आणि पेशींची राखण

बचत गटांच्या बैठकांना आम्ही गावोगाव जातो. टीबीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आमच्या घरात कुणालाच नव्हता, म्हणजे सुनेनं माहेरूनच आणला." यात खरं किती, हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागेल.

साल 1882. मार्चच्या 24 तारखेला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या डॉक्टरांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणून आजही 24 मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. त्याच वर्षी इटलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ हे रशियन शास्त्रज्ञ समुद्रातल्या तारामाशाची पिल्लं पाहत होते. ही पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. त्यांनी एका पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! अंगात शिरलेल्या परक्याला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, हे त्यांनी ओळखलं. या कामासाठी 1908 साली त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

जंतू सापडला, पण औषध सापडायला आणखी साठ वर्षं लागली. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानंच गेल्या. त्यांना 22 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. टीबीवरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 साली सापडलं.

दरम्यान एक कोडं शास्त्रज्ञांना छळत होतं. आपल्या फुप्फुसातल्या भक्षक पेशी टीबीचा जंतू गिळतात, तरी तो मरत नाही. उलट पेशीच्या पोटातच राहतो आणि वाढतो. हे कसं?

1971 मध्ये लंडनच्या आर्मस्ट्राँग आणि हार्ट या दोघा शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते पाहिलं. पेशी जंतूला गिळते तेव्हा तो एका पिशवीत बंद होतो. पेशीत पाचक रसाच्या दुसऱ्या पिशव्या असतात. त्या येऊन जंतूच्या पिशवीला मिळाल्या की जंतूचा निकाल लागतो. पण टीबीचा जिवंत जंतू या दोन पिशव्यांची गाठच पडू देत नाही. घास तोंडात गेला, पण पचलाच नाही, असा प्रकार.

मग आपण सगळेच आजारी का पडत नाही? याचं उत्तर त्याआधीच, 1960 च्या दशकात, मॅकॅनेस या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवायला सुरुवात केली होती. भक्षक पेशी एकटी असताना कमी पडते. लिम्फोसाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी तिला चेतवतात, तेव्हा तिचं बळ वाढतं. ही चेतावणी रासायनिक निरोपातून जाते, हे पुढे कळलं. निरोप मिळाला की अडलेलं पचन पुन्हा सुरू होतं. तरीही काही जंतू उरतातच. मग अनेक पेशी मिळून त्यांच्याभोवती गाठ बांधतात आणि त्यांना आत कोंडून ठेवतात. माणूस ठणठणीत असतो, त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना टीबीची लागण झालेली असावी असा अंदाज आहे. त्यांपैकी 100 मधले 5 ते 10 जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात.

म्हणजे राखण चालू आहे तोवर जंतू गप्प. राखण ढिली पडली की तो बाहेर येतो. एचआयव्ही, मधुमेह, दारू, तंबाखूचा धूर यांनी ती ढिली पडते. आणि उपासमारीनंही. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने जादा तांदूळ-डाळ देऊन पाहिली. 2023 साली निष्कर्ष आले. ज्या घरांत फक्त रुग्णालाच शिधा मिळाला होता, त्यांच्या तुलनेत या घरच्यांमध्ये टीबीचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी कमी होते.

आता सुनेकडे वळू. जंतू हवेतून येतो. तो तिला माहेरी, शाळेत, एसटीत किंवा सासरीही मिळाला असेल, आणि काही वर्षं गप्प बसला असेल. तो कुठून आला, हे तिला पाहून कुणालाच सांगता येणार नाही. पण तिच्या ताटात काय पडतं, हे मात्र आपल्याला दिसतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या पेशींनी राखण करायची ती कशाच्या जोरावर?

म्हणून आमचं सांगणं एवढंच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या, तपासणी आणि औषध मोफत आहे. गोळ्यांचा कोर्स अर्ध्यावर सोडू नका. घरात रुग्ण असेल तर बाकीच्यांनीही प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. आणि "कुणी आणला" हे विचारण्याआधी तिला डाळीची वाटी भरून वाढा, सगळ्यांच्या बरोबरीनं.