घरपट्टीचा दर कोण ठरवतं? आणि दर तोच राहूनही बिल का वाढतं?

दर चार-पाच वर्षांनी एखाद्या शहरात घरपट्टीच्या नोटिसा वाटल्या जातात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरू लागतो, 'पालिकेने घरपट्टी वाढवली'. श्रीरामपूर असो, संगमनेर असो की कोपरगाव, पुढची गोष्ट सारखीच असते. मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, स्थगितीची मागणी होते.

पण अशा वेळी बऱ्याचदा कराचा दर बदललेलाच नसतो. बदललेलं असतं ते घराचं मूल्यांकन. हा फरक कळला नाही, तर तक्रार चुकीच्या टेबलावर जाते आणि हरकत घ्यायची मुदत निघून जाते.

घरपट्टी म्हणजे नक्की कोणता कर?

बोलीभाषेत घरपट्टी, कागदावर मालमत्ता कर. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू आहे. त्यात याला 'एकत्रित मालमत्ता कर' म्हटलंय आणि तो लावणं बंधनकारक आहे. महापालिकांसाठी १९४९ चा महानगरपालिका अधिनियम आहे.

अहमदनगरची नगरपालिका २००३ मध्ये महापालिका झाली, त्यामुळे आजच्या अहिल्यानगर शहराला १९४९ चा कायदा लागतो. श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, देवळाली प्रवरा इथे १९६५ चा. अहिल्यानगरला लागूनच असलेलं भिंगार छावणी मंडळाखाली येतं, तिथे २००६ चा छावणी कायदा चालतो. म्हणजे रस्ता ओलांडला की घरपट्टीचा कायदाच बदलतो.

बिलावर एकच कर नसतो. सामान्य कर, स्वच्छता, दिवाबत्ती, अग्निशमन, वृक्ष कर अशी यादी असते. शिक्षण कर पालिका गोळा करते, पण तो राज्य सरकारसाठी. रोजगार हमी कराचंही तसंच, फक्त तो बिगरनिवासी मालमत्तांवर लागतो.

गणित कसं असतं?

मुंबई महापालिकेने २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर कर लावायला सुरुवात केली. छोट्या शहरांत मात्र हिशोब भाड्याचा असतो. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, हे आधी धरलं जातं. ते वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात. उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर कराचा दर लागतो.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, कोणत्याही शहराचे नाहीत. ५०० चौरस फुटांचं घर, भाड्याचा धरलेला दर महिन्याला चौरस फुटामागे दीड रुपया.

- महिन्याचं भाडं ७५० रुपये, वर्षाचं ९,००० रुपये
- १० टक्के वजा केल्यावर करयोग्य मूल्य ८,१०० रुपये
- सगळे कर मिळून दर २५ टक्के धरला, तर घरपट्टी २,०२५ रुपये

आता पालिकेने दर २५ वरून २७ टक्के केला, तर बिल होईल २,१८७ रुपये. वाढ १६२ रुपयांची.

पण दर २५ टक्केच ठेवला आणि भाड्याचा दर दीड रुपयावरून दोन रुपये धरला, तर बिल थेट २,७०० रुपये. वाढ ६७५ रुपयांची. 'आम्ही करवाढ केली नाही' असं पालिका सांगते, नागरिक मात्र वाढीव बिल दाखवतात आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. त्याचं कारण हे.

दर कोण ठरवतं आणि मूल्यांकन कोण करतं?

दर ठरवायचा अधिकार सभागृहाचा. महापालिकेत स्थायी समितीच्या प्रस्तावावर विचार करून पुढच्या वर्षाचे कर-दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, असं कायदा सांगतो. नगरपरिषदेतही सभेत ठराव होतो, पण राज्य सरकारच्या नियमांच्या चौकटीतच.

मूल्यांकनाचा रस्ता वेगळा आहे. नगरपरिषदेचं प्रशासन मोजमाप करून कर आकारणी यादी तयार करतं आणि प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी ती तपासतो. शहराचे झोन पाडलेले असतात. बांधकाम आरसीसी आहे की पत्र्याचं, किती जुनं आहे, घरमालक स्वतः राहतो की भाडेकरू आहे, खाली दुकान काढलंय का, यावर भाड्याचा दर ठरतो.

ही यादी किमान चार वर्षांतून एकदा नव्याने करायची असते. नोटिशीवर 'चतुर्थ वार्षिक कर आकारणी' असं लिहिलेलं असतं ते यामुळेच. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती लांबते. मग दहा-बारा वर्षांची वाढ एकदम अंगावर येते आणि शहर पेटतं.

छोट्या शहरात हा प्रश्न जास्त अवघड का?

ज्या शहरात एमआयडीसी, मॉल, मोठी हॉटेलं आहेत, तिथे बिगरनिवासी मालमत्ता जास्त दराने कर भरतात आणि घरांवरचा भार हलका राहतो. शिर्डीत लॉज आणि हॉटेलं आहेत. देवळाली प्रवरासारख्या शहरात मात्र मुख्यतः घरंच आहेत. तिथे कर वाढवायचा म्हणजे घरांवरच वाढवायचा. आणि प्रत्येक घरात मतदार आहेत.

पूर्वी पालिकांना जकातीचा आधार होता. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांमध्ये जकातीच्या जागी एलबीटी आला, तोही २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी बंद झाला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. आता पालिका बऱ्याच अंशी सरकारी अनुदानावर चालतात. स्वतःच्या हातात उरलेलं मोठं उत्पन्न म्हणजे घरपट्टी.

खर्च मात्र थांबत नाही. अहिल्यानगर शहराचं पाणी मुळा धरणातून उपसून वसंत टेकडीपर्यंत आणावं लागतं, त्याचं वीजबिल दर महिन्याला येतं. पाणीपट्टी वेगळी असली, तरी ती पुरली नाही की तिजोरी एकच असते.

त्यात दिल्लीचीही अट आली. १५ व्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी दोन गोष्टी मागितल्या. राज्याने मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करावा आणि वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वेगाने वाढावी. म्हणजे 'घरपट्टी कायम गोठवू' हे आश्वासन दिलं, तर अनुदानाला फटका बसू शकतो.

गेली काही वर्षं निर्णय कोण घेत होतं?

राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर २०२२ पासून प्रशासक होते. अहिल्यानगर महापालिकेची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली. या काळात सभागृहाचे अधिकारही प्रशासकाकडेच होते, त्यामुळे दरावर चर्चा करायला नगरसेवकच नव्हते. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये आणि महापालिकांच्या जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. आता घरपट्टीच्या ठरावावर कोणी हात वर केला, हे पुन्हा विचारता येतं.

नोटीस आली तर काय करायचं?

आधी मोजमाप बघा. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि झोन या चार गोष्टी तपासा. पत्र्याच्या खोलीला आरसीसीचा दर लागला असेल किंवा बंद पडलेलं दुकान अजून दुकान म्हणून नोंदलं असेल, तर चूक तिथे आहे.

मुदतीत लेखी हरकत घ्या. नगरपरिषदेने यादी प्रसिद्ध केल्यावर हरकतीसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. हरकतीवर सुनावणी होते. मोर्चात सहभागी होणं म्हणजे हरकत घेणं नव्हे. अर्ज द्या, पोच घ्या. ही संधी गेली तर तेच मूल्यांकन पुढची चार वर्षं कायम राहू शकतं.

मग अपील. नगरपरिषदेत मालमत्ता कर अपील समिती असते. महापालिकेत न्यायाधीशांकडे १५ दिवसांत अपील करावं लागतं आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते.

वाद चालू आहे म्हणून बिल थकवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. वरच्या २,०२५ रुपयांच्या बिलावर वर्षात ४८६ रुपये. नगरपरिषदांच्या थकबाकीवरची शास्ती कमी करण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये अभय योजना आणली. पण अशा योजनेत शास्तीला सूट मिळते, मूळ कर भरावाच लागतो.

'५०० फुटांपर्यंत घरपट्टी माफ' हे खरं आहे का?

मुंबईत खरं आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मुंबई महापालिका हद्दीत मालमत्ता कर माफ झाला. ही माफी अहिल्यानगर, संगमनेर किंवा राहुरीला लागू नाही. त्यामुळे तो मेसेज पुन्हा आला, तर फॉरवर्ड करण्याआधी आपलं शहर कोणत्या कायद्याखाली येतं ते बघा.

लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच. टक्केवारी जास्त वाटत असेल, तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला दर ठरण्याआधी गाठा. मोजमाप किंवा भाड्याचा दर चुकीचा वाटत असेल, तर नोटिशीवरची तारीख बघून पालिकेच्या कर विभागात अर्ज द्या.