अर्जातला तो रकाना

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तिगावातली एक बाई मुलाला घेऊन घरी आली. पोराचं सरकारी नोकरीत नाव लागलं होतं. पडताळणीच्या फॉर्मवर मात्र एका रकान्याशी तो अडला होता : ‘आपणावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ कॉलेजातल्या एका मारामारीत त्याचं नाव आलं होतं, पुढे ते आपसात मिटलं. आई म्हणाली, “ताई, ‘नाही’ लिहून देऊ काय? मिटलं ना ते आता!”

हा रकाना साधा नाही, बायांनो. त्याला जुना इतिहास आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ मध्ये तो वाढवून मुंबई इलाख्यापर्यंत नेला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमाती त्यात आल्या. त्यांनी पोलिसांपुढे हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचं तर पास घ्यायचा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. माणसं तिथून गिरणीत कामाला जात आणि परत कुंपणात येत. या लोकांना ‘गुन्हा केला काय?’ असं विचारायची गरजच नव्हती. बाळ पाळण्यात असतानाच त्याचा रकाना भरलेला असे!

देश स्वतंत्र झाला, तरी हा कायदा जायला आणखी पाच वर्षं सोळा दिवस लागले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून हा ‘विमुक्त दिन’. पण मनातला कायदा कोण रद्द करणार? लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त हेच जगणं मांडलं. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. आणि २००७ साली आपल्या शेजारच्या मुलताईजवळ, चौथियाला, जमावाने पारध्यांची वस्ती जाळली. एका गुन्ह्याचा राग सगळ्या वस्तीवर निघाला.

आता त्या पोराचं. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सांगितलं, की फॉर्मवर विचारलेली माहिती खरी द्यावी. लपवलं तर त्यावरूनही नोकरी जाऊ शकते. खरं सांगितल्यावरही साहेब जुनं प्रकरण तपासू शकतो, पण किरकोळ असेल तर सोडूनही देऊ शकतो. अजाण वयातल्या चुकीसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संरक्षण आहे. हा पोरगा मात्र तेव्हा अठरा पूर्ण होता.

मी म्हटलं, “होय लिही. कलम, तारीख, निकाल, सगळं लिही. निकालाची नक्कल जोड.” आईचा चेहरा पडला. पोराने मात्र पेन उचललं.

आपल्या घरात अंजनचोराची कथा सगळ्यांना पाठ आहे. चोर होता, श्रद्धेने तरला, मुनी झाला. मंदिरात ती ऐकताना आपले डोळे भरतात. आणि घरी कामाला बाई ठेवताना? मीच एकदा एकीला पहिला प्रश्न विचारला होता, “कोणत्या जातीची गं तू?” तिने सांगितलं, आणि मी “नंतर कळवते” म्हटलं. कळवलं कधीच नाही.

तिने तर काहीच लपवलं नव्हतं. तिचा रकाना मीच भरला होता.