पांढरपेशा गुन्हा : एका शब्दाची कुळकथा

‘पांढरपेशा गुन्हा’ हा शब्दप्रयोग ‘व्हाइट कॉलर क्राइम’वरून मराठीत आला. त्यातल्या कॉलरची गोष्ट सुरू होते ती धुण्यापासून. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी १८२७ च्या सुमारास हॅना मॉन्टेग्यू या गृहिणीने नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर कापून वेगळी केली, असे सांगतात. सदरा स्वच्छ असे, मळे ती फक्त कॉलर. मग तेवढीच धुवायची, खळ घालून कडक करायची आणि पुन्हा सदऱ्याला जोडायची. ट्रॉयमध्ये अशा कॉलरींचे कारखाने निघाले. पुढे पांढरी कॉलर ही हात न मळवता पोट भरणाऱ्यांची खूण झाली.

या कॉलरला गुन्ह्याची जोड दिली समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी. २७ डिसेंबर १९३९ रोजी फिलाडेल्फियात अमेरिकन समाजशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हा शब्द वापरला. गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात शोधायची तेव्हाची रीत होती. प्रतिष्ठित माणसाने आपला व्यवसाय करताना केलेला गुन्हा हाही गुन्हाच, असे सदरलँड यांनी ठणकावून सांगितले. अशा गुन्ह्यात पैसा मोठा जातो. पण त्याहून मोठे नुकसान विश्वासाचे होते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आजही तितकाच खरा आहे. चोर कुलूप फोडतो. इथे घरधनी स्वतःच किल्ली हातात देतो.

१९४९ साली त्यांचे पुस्तक आले. अमेरिकेतल्या ७० बड्या कंपन्यांविरुद्ध गेलेले ९८० निर्णय त्यांनी गोळा केले होते. त्यांपैकी फौजदारी न्यायालयांचे अवघे १५८. बाकीची प्रकरणे दिवाणी न्यायालये, सरकारी आयोग, तडजोडी यांत निभावली. बदनामीच्या दाव्याच्या धास्तीने प्रकाशकाने कंपन्यांची नावे गाळायला लावली. सदरलँड १९५० साली वारले. नावांसकट पुस्तक छापले गेले ते १९८३ साली. प्रतिष्ठेला कशी सूट मिळते, हे सांगणाऱ्या पुस्तकालाच ती सूट द्यावी लागली.

मराठीने या कॉलरसाठी जो शब्द निवडला, त्यातही सवलतीचा इतिहास आहे. ‘पेशा’ म्हणजे धंदा, हा शब्द फारसी. पांढरपेशे म्हणजे स्वतः नांगर न धरणारे वरचे वर्ग. कोकणात काही भागांत पांढरपेशा कुळांना कुणब्यांपेक्षा कमी दराने सारा भरावा लागे. सवलतीचे हे नाव गुन्ह्याला लागावे, ही मराठीने केलेली अचूक निवड म्हणावी लागेल.

भारतात १९६६ साली विधी आयोगाच्या २९व्या अहवालाने या गुन्ह्यांची दखल घेतली. त्यांची झळ कशी लागते, ते सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईने पाहिले. एका बांधकाम समूहाची बुडीत कर्जे लपवण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती दाखवल्याची तक्रार पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेबाबत नोंदली गेली. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला सहा महिन्यांसाठी खात्यामागे फक्त १,००० रुपये काढायची मुभा ठेवली. औषधपाणी, शाळेची फी, घरभाडे, सारे त्या हजारात अडकले. जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून मिळाली. त्यावरच्या ठेवींचे हप्ते पडले, आणि मोठ्या ठेवींच्या शेवटच्या हप्त्याची मुदत १० वर्षांनंतरची आहे.