शहापूर-मुरबाडमधील मधुमेह आणि नर्सची मदत

मधुमेह असलेली व्यक्ती डॉक्टरांसमोर महिन्यातून फार तर दहा मिनिटे बसते. बाकीच्या वेळी काय खायचे, गोळी कधी घ्यायची, हातपाय कापू लागले तर काय करायचे, हे तिचे तिलाच ठरवावे लागते. ते नीट ठरवता यावे यासाठी दिलेली माहिती, करून घेतलेला सराव आणि नंतरचा पाठपुरावा याला स्वव्यवस्थापनासाठी मदत म्हणतात. अनेक देशांत हे काम प्रामुख्याने नर्स करतात.

मधुमेह हा आता केवळ शहरी आजार राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार शहरी भागात १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के प्रौढांना मधुमेह आहे.

गावात हे काम कोण करते?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे डोंगराळ, मोठी आदिवासी वस्ती असलेले तालुके. शहापुरातून मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याची लोकल जाते. मुरबाडला रेल्वेच नाही. डोळखांब किंवा टोकावडे परिसरातल्या पाड्यावरून तालुक्याच्या रुग्णालयात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून जवळचे उपकेंद्र महत्त्वाचे. आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. तिथे आरोग्यसेविका, म्हणजे गावाची ‘सिस्टर’, असते. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. महाराष्ट्रात या पदावर नर्सिंगबरोबर आयुर्वेदाचे पदवीधरही आहेत. आशा ताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते, केंद्रात ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर तपासली जाते. निदान आणि औषधयोजना डॉक्टर करतात. पुढच्या गोळ्या मात्र उपकेंद्रातून मिळू शकतात. स्वव्यवस्थापनाची खरी संधी गोळ्या घ्यायला आलेल्या त्या भेटीत असते.

बोलायचे काय?

‘भात बंद करा’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. भात हेच पीक आणि तेच जेवण. त्यापेक्षा एका वेळी किती वाट्या भात, सोबत डाळ किंवा मासे किती, रानभाजी कधी, हे ताटावरच दाखवले तर ते पाळले जाते. नाचणीबद्दलचा गैरसमजही इथेच दूर करावा लागतो. नाचणीची भाकरी चांगलीच, पण ती औषध नव्हे; चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. उपवासाच्या दिवशीची साबुदाणा खिचडी तर भातापेक्षा हलकी मुळीच नाही.

गोळ्यांचे दोन प्रकार समजावणे अत्यंत गरजेचे. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर साखर सहसा धोकादायक इतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडने मात्र उतरू शकते. सकाळी ही गोळी घेऊन, काही न खाता कुणी भातलावणीला गेले, तर बांधावरच घाम फुटतो, थरथर होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटे थांबायचे, बरे वाटले नाही तर पुन्हा तेच करायचे आणि मग जेवायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हे ठाऊक असलेच पाहिजे.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी सिरिंजचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. भारतात कुपीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर डोस अडीच पट होतो. फ्रिज नसेल तर कुपी प्लास्टिकच्या डबीत बंद करून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवता येते.

आणि पाय. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते. लावणीच्या चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्याला काटा रुतलेला कळतच नाही. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या, दिसत नसेल तर घरच्यांनी पाहायच्या. ही सवय लावायला पैसा लागत नाही.

वीटभट्टीचे सहा महिने

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. महिन्याच्या गोळ्यांचा हिशेब इथेच कोसळतो. निघण्यापूर्वी जास्त दिवसांच्या गोळ्या, औषधांची नावे लिहिलेला कागद आणि भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता, एवढी तयारी सिस्टरला आधीच करून देता येते. तपासणीत साखर ‘नॉर्मल’ आली म्हणून गोळ्या सोडणारेही बरेच. साखर गोळीमुळेच आटोक्यात आहे, हे दर भेटीत सांगावे लागते.

उपयोग होतो का?

भारत आणि पाकिस्तानातील १० मधुमेह केंद्रांमधल्या १,१४६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात डॉक्टर नसलेला समन्वयक रुग्णाच्या सतत संपर्कात राहत होता आणि उपचार ठरवताना डॉक्टरांना संगणकीय मदत मिळत होती. साखरेबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण त्या गटात १८.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ८.१ टक्के होते. फरक दुपटीहून अधिक. तरी पाचांपैकी चारजण उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाहीत, हेही खरे. शिवाय ती केंद्रे दवाखान्यांची होती. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे लसीकरण, गरोदर मातांच्या तपासण्या आणि ऑनलाइन नोंदीही असतात. एका रुग्णाशी वीस मिनिटे बोलायला वेळ राखून ठेवला नाही, तर भेट म्हणजे नुसते गोळ्यांचे वाटप होते.

उपकेंद्रात न थांबता रुग्णालयात कधी जावे?

पायाची जखम काळी पडली, वास येऊ लागला किंवा ताप आला. सतत उलट्या होऊन श्वास जोरात चालू लागला. अचानक दिसेनासे झाले. छातीत दुखू लागले. किंवा साखर घेऊनही भान आले नाही, तर त्याच दिवशी, त्याच वेळी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे.